साठची कॅसेट

कॅम्पात, इराप्पा कम्मारच्या दुकानात
मी बाराव्या वर्षी कामाला लागलो.
काम म्हणजे काय, तर दोन बटणं:
लाल आणि काळं, एकाच वेळी, दोन बोटांनी.
नुसतं काळं दाबलं की जुनं वाजायचं,
दोन्ही दाबली की जुनं पुसायचं.
पहिल्या दिवशी मालकानं एवढंच शिकवलं,
अर्धं कन्नडात, अर्धं मराठीत,
वर एक टपली. तिला भाषा नव्हती.

गाण्यांच्या याद्या घेऊन लोक रोजच यायचे,
कुणी बिलाच्या पाठीवर, कुणी तळहातावर लिहून.
पण मनिऑर्डरी पोचल्या की
पलटणीतल्यांच्या बायका यायच्या.
नवरा कुठं? छप्पन एपीओ.
त्यापुढचा पत्ता कुणालाच ठाऊक नसायचा.
स्वतःला लिहिता येईना, दिराकडून लिहवून घ्यायची लाज,
म्हणून कॅसेट. साठची.
नव्वदची महाग, शिवाय गुंतायची.

माईक पुढं धरला की सगळ्या गप्प.
नळावर तासभर भांडणाऱ्या बाया,
आवाज जसा पदराच्या टोकाला गाठ मारून आणलेला,
सुटता सुटायचा नाही.
'माताडव्वा,' इराप्पा म्हणायचा, 'टेप फिरतंय.'
'बरं हाय म्हण त्यांना.'
'मी न्हवं, तुमीच म्हणायचं.'
कशीबशी तीन मिनिटं व्हायची.
उरलेली सत्तावीस आम्ही गाण्यांनी भरायचो.
त्याचे पैसे इराप्पानं कधी लावले नाहीत.

कंग्राळीच्या रुक्माक्का सायनेकर
तीनदा आल्या, तीनदा तशाच गेल्या.
चौथ्यांदा म्हणाल्या, 'यंत्र घरला आणशील काय रं?
मला बोलाय येत न्हाई. घरच बोलूंदे.'

सायकलच्या कॅरेजला टेप बांधून, सहा सेल घालून
मी गेलो. अंगणात पाटावर ठेवला.
रहाट करकरला.
म्हशीची धार आधी रिकाम्या चरवीत टणटणली,
मग फेसात मऊ झाली.
धाकटीनं धपाटा खाल्ला, भोकाड पसरलं.
कुडापलीकडून शेजारणीनं कन्नडातून विचारलं,
काय चाललंय सकाळी सकाळी?
'काय न्हाई गं,' रुक्माक्का म्हणाल्या,
'धनी ऐकुलालेत.'

अडीच महिन्यांनी तीच कॅसेट परत आली,
दुसरी बाजू भरून.
दुकानातच लाव म्हणाल्या.
वारं. नुसतं वारं.
मग कुणीतरी स्टोव्हला पंप मारतंय.
मग एक खोकला.
त्या खोकल्याला रुक्माक्कांनी
'हं' म्हटलं.

आता तिथं रिचार्जचं दुकान आहे.
पाटीवरची मराठी ओळ आधी बारीक झाली,
मग एका वर्षी रंगवायची राहिली.
माळ्यावर न नेलेल्या कॅसेटींचा खोका निघाला
म्हणून इराप्पाच्या नातवानं परवा मला बोलावलं.
टेपही होता तिथंच, अंगावर मुंग्यांचं वारूळ.
पुसला, जोडला, एक घातली.
थोडी खरखर. मग,

'हॅलो, हॅलो. एक, दोन, तीन.
ओंदु, एरडु, मूरु.'

कोण हे पोरगं?
विसरूनच गेलो होतो:
प्रत्येकीच्या आधी आवाज तपासायला मीच बोलायचो,
आणि टेप वाया नको म्हणून ते तसंच ठेवायचो.
किती बर्फांत, किती तंबूंत
घरच्या आधी हा किरटा गळा पोचला असेल,
आणि कुणी कुणी म्हटलं असेल,
गप रे, तिला बोलूंदे.

रबरी पट्टा सैल पडलेला.
टेप मंदावली, पोराचा आवाज जाडावत गेला,
'एक...
दोऽन...'
'तीन' म्हणेपर्यंत तो माझाच झाला होता.

नातू म्हणाला, 'काका, बिघडलंय.'
'हौदु,' म्हटलं. 'पट्टा मिळतोय काय बघ.'
खोक्यात अजून एकोणीस होत्या.